काउंट बरोबर आहे, सर

(दृश्य: ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दाराशी स्ट्रेचर)

जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी रुग्णालय. सकाळचे साडेआठ. यादीत पहिलं नाव या मावशींचं, पोटाचं ऑपरेशन.

"मावशी, पूर्ण नाव सांगा. ऑपरेशन कशाचं?"

वॉर्डात विचारून झालंय, दारातही. टेबलावर आता तिसऱ्यांदा. मावशी जरा वैतागल्यात. पण मनगटावरची पट्टी, केसपेपर आणि त्यांचं उत्तर जुळल्याशिवाय इथे भूल देत नाहीत. एकदा भूल चढली की मावशींना विचारता येणार नाही.

(दृश्य: भिंतीवरचा तक्ता)

हा तक्ता ऑपरेशन सुरक्षित व्हावं म्हणून तपासायच्या गोष्टींचा. जागतिक आरोग्य संघटनेचा, २००८ सालचा. एकूण १९ मुद्दे. थांबायचं तीनदा: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी. तो तयार करणाऱ्यांचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत तो वापरून पाहिला, त्यात दिल्लीतलंही एक होतं. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आले.

या ओटीत सुरुवातीला या तक्त्याचा फॉर्म ऑपरेशन उरकल्यावर भरला जायचा, सगळ्या चौकटींत एका दमात बरोबरच्या खुणा करून. इन्चार्ज सिस्टरांनी तो फळ्यावर आणला आणि मोठ्यानं वाचायला लावला. वाचणार सर्क्युलेटिंग सिस्टर, म्हणजे ऑपरेशनला हात न लावता बाहेरून सामान पुरवणारी. तिचं वाचून होईपर्यंत सर्जनच्या हातात ब्लेड द्यायचं नाही. सगळ्यांनी आपापलं नाव सांगायचं, कालच आलेल्या इंटर्ननंसुद्धा. काही डॉक्टरांना हे पोरखेळ वाटलं. सिस्टरांनी रोज लावून धरलं.

(दृश्य: मॉप, अगदी जवळून)

हा मॉप, ऑपरेशनात रक्त टिपायचं कापड. पाचाचं एक बंडल. ही निळी पट्टी एक्स-रेत दिसते. पोटात रक्तानं भिजला की मॉप आणि आतडं शेजारी शेजारी ओळखू येत नाहीत, म्हणून मोजायचं. उघडताना मोजायचं, पोट बंद करण्याआधी मोजायचं, कातडीच्या टाक्यांना पुन्हा. त्यासाठी टेबलामागे एक सिस्टर मोकळी लागते. दोन टेबलांना मिळून एकच दिली, तर मोजणार कोण? मंजूर पदं भरा, ही इथल्या सिस्टरांची जुनी मागणी आहे.

फळ्यावर लिहिलंय: मॉप १५. रक्तानं भरलेले हात, चालू मोजणी. बारा, तेरा, चौदा.

"सर, थांबा. एक कमी आहे."

(निवेदन नाही. फक्त मॉनिटरचा आवाज.)

या सिस्टरला नोकरीत आठ महिने झालेत, सरांना वीस वर्षं. सरांनी सुई खाली ठेवली. पोटात पुन्हा पाहिलं. खाली टेबलाखाली शोधाशोध, मग वापरलेले मॉप टाकायची बादली.

(दृश्य: बादलीतून चिमट्यानं वर आलेला मॉप)

दुसऱ्या मॉपला चिकटून बसला होता.

"पंधरा. काउंट बरोबर आहे, सर."

सरांनी सुई मागितली.