शेंगदाणा, विडी आणि रक्तवाहिनीचं अस्तर

(दृश्य: निपाणी. ओसरीवर विडी वळणाऱ्या बायका.)

मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा. पान भरायचं, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली इथल्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखला होता. दराबद्दल आजही भरभरून बोललं जातं. धुराचा विषय मात्र फुप्फुसापाशीच थांबतो.

(दृश्य: रक्तवाहिनीचं रेखाचित्र.)

रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. या पेशी आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून (म्हणजे प्रथिनांच्या एका घटकापासून) नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतात. तो टिकतो जेमतेम काही सेकंद. तेवढ्यात वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैलावतो, वाट रुंदावते, दाब उतरतो. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून नको तिथे गुठळी धरू नये, हेही तोच बघतो.

१९८० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या घेतल्या. अस्तर शाबूत असलेली पट्टी अ‍ॅसिटिलकोलीन घालताच सैल पडली. अस्तर खरवडलेली पट्टी त्याच रसायनानं उलट आवळली! म्हणजे सैलावण्याचा निरोप अस्तराकडूनच येत होता, आणि तो निरोप म्हणजे हाच वायू. या शोधाच्या वाटेवरच्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. तो वायू आर्जिनिनपासून बनतो, हे १९८८ मध्ये सिद्ध झालं होतं.

(दृश्य: खलबत्त्यात कुटली जाणारी शेंगदाण्याची चटणी.)

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण तीन ग्रॅम आर्जिनिन असतं. डाळी, दूध, अंडी यांतूनही ते मिळतं, थोडं शरीरही बनवतं. त्यामुळे भाकरी-चटणी खाणाऱ्याच्या घरी त्याचा दुष्काळ सहसा नसतो. तरी आर्जिनिनच्या डबाबंद पावडरी खपतातच. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना आर्जिनिन दिलं, बाकीच्यांना नुसती बिनऔषधी गोळी. आर्जिनिनच्या गटात सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवावी लागली.

कच्चा माल भरपूर आहे, पण कारखान्यालाच आग लागली तर? विडीच्या धुरानं नेमकं अस्तर दुखावतं, तयार झालेला वायूही नासतो, प्लेटलेट जास्त चिकट होतात.

(दृश्य: आरोग्य केंद्र. दंडाला गुंडाळलेला पट्टा.)

विडी ओढून लगेच दाब मोजला तर आकडा चढलेला दिसतो. म्हणून आधी अर्धा तास विडी, तंबाखू, चहा काही नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, मग दंड पुढे करायचा. आकडा १४०/९० च्या वर गेला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यायचा.