पंच ते पगारचिठ्ठी

(दृश्य : रबाळे स्थानक, सकाळ. ठाण्याहून आलेली लोकल रिकामी होते. खांद्याला डब्याच्या पिशव्या, पुलावर गर्दी.)

सकाळचे साडेसात. कळवा, मुंब्रा, दिव्याकडची माणसं ठाण्याला गाडी बदलतात आणि इथे रबाळ्याला उतरतात. स्टेशनाबाहेर ठाणे-बेलापूर रस्ता, तो ओलांडला की एमआयडीसी, म्हणजे कारखान्यांची वसाहत.

एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली स्थापन झालं. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. खाडीच्या या अंगाला दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेला पट्टा म्हणजे टीटीसी, ट्रान्स ठाणे क्रीक. एके काळी इथली ओळख मोठ्या रासायनिक कंपन्यांची होती. आज दर्शनी बाजूला काचेचे आयटी पार्क दिसतात. आतल्या गल्ल्यांत मात्र अजूनही गाळे आहेत. दहा, वीस, चाळीस माणसांचे. तिथे एचआर खातं नसतं. एक अकाउंटंट, एक सुपरवायझर आणि भिंतीवर एक पंच मशीन, एवढ्यावर सगळ्यांची हजेरी, पगार, पीएफ चालतं.

(दृश्य : गाळ्याचं दार. रांग. बोट मशीनवर टेकतं, लाल दिवा. पुन्हा. पुन्हा लाल.)

हे बोट बघा. वर्षानुवर्षं पत्रा, बर (कापलेल्या पत्र्याची धारदार कड) आणि कूलंट (यंत्र थंड ठेवणारं द्रव) हाताळून त्यावरच्या रेषा झिजल्यात. मशीनला ते ओळखू येत नाही. माणूस आठ वाजता दारात उभा असतो आणि यंत्रात त्याची नोंद पडते आठ वाजून सहा मिनिटांची. कधी पडतच नाही.

यावर उपाय साधे आहेत. नोंदणी करताना फक्त अंगठा घेऊन थांबू नये. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं घ्यावीत, त्यात अनामिका हवीच, कारण कामात ती कमी घासते. मशीनशेजारी कोरडं फडकं टांगावं. काच थिनरने पुसू नये, तिच्यावरचा लेप खराब होतो. ज्याचं बोट दोनदा नाकारलं जातं, त्याला कार्ड द्यावं किंवा चेहरा ओळखणारं मशीन बसवावं. वीज गेली तर हाताने भरायचं रजिस्टर दारातच हवं, आणि त्यात सुपरवायझरची सही त्याच वेळी, संध्याकाळी आठवून नव्हे. दर सोमवारी मशीनचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहावं. ते चार मिनिटं पुढे गेलं, तर रोज सगळी पाळी चार मिनिटं उशिरा आलेली दिसते.

आणि उशीर म्हणजे किती कापायचं? पाच मिनिटं उशीर, अर्धा दिवस खाडा, असा नियम अनेक गाळ्यांत चालतो. कायद्यात तो बसत नाही. जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता, त्याच प्रमाणात कपात करता येते.

(दृश्य : प्रेस शॉप. पत्र्याची कॉईल उलगडते. दोन्ही हात दोन बटणांवर, स्लाइड खाली येते. पत्र्याचे कापलेले तुकडे ट्रेमध्ये पडतात. आवाज तसाच ठेवावा, दहा सेकंद निवेदन नाही.)

दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली, तरच स्लाइड, म्हणजे प्रेसचा वरचा दाबणारा भाग, खाली येते. एक बटण कायमचं दाबून ठेवायला कुणी चिंधी अडकवली, की हात डायखाली, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याखाली, जायला वाट मोकळी. डाय बसवणं, कॉईल लावणं, पहिला नग मोजून घेणं यात तासभर जातो. म्हणून ऑर्डर घाईची असेल तर पाळी लांबते, डाय उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा माणसाला थांबवून घेणं सोपं पडतं. ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, इथे, या डायपाशी जन्माला येतो.

ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर. यात वाद नाही. वाद लपलेला असतो भागाकारात.

(दृश्य : अकाउंटंटचं टेबल. कॅल्क्युलेटर. कागदावर पेन्सिलीने आकडे.)

समजा, महिन्याचा पगार १८,२००. भागिले २६, रोज झाला ७००. भागिले ८, तास झाला साडेसत्त्याऐंशी रुपयांचा. दुप्पट केला की ओटीचा तास १७५.

आता तोच पगार ३० ने भागा. रोज येतो ६०६ रुपये ६७ पैसे आणि ओटीचा तास १५१ रुपये ६७ पैसे. वीस तासांच्या ओटीत फरक पडतो ४६७ रुपयांचा. काही ठिकाणी खाडा कापताना २६ ने भागतात, म्हणजे ७०० जातात, आणि ओटी देताना ३० ने भागतात. एकाच माणसाला, एकाच महिन्यात, दोन वेगळे भागाकार. भाजक कोणता हे नेमणूकपत्रात आधीच लिहिलेलं असेल, तर हा खेळ करताच येत नाही.

नेमणूकपत्र आता प्रत्येकाला द्यावंच लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाल्या, त्यात हे आलं. एक पान पुरतं : काम काय, रुजू झाल्याची तारीख, पगाराचे भाग, पाळीच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, ओटीचा दर. मराठीत किंवा हिंदीत, वाचता येईल असं.

(दृश्य : रात्र. गाळ्याबाहेर ट्यूबलाइट. पाळी बदलते.)

रात्रपाळीची एक खोच आहे. माणूस साडेअकराला पंच करतो आणि सकाळी आठला बाहेर पडतो. सॉफ्टवेअर मध्यरात्रीला तारीख बदलतं. मग पहिल्या तारखेला नुसता ‘आत’, दुसरीला नुसता ‘बाहेर’. दोन्हीकडे अर्धवट पंच, दोन्हीकडे खाडा. सॉफ्टवेअरमध्ये ती पाळी ‘रात्रपाळी’ म्हणून वेगळी नोंदवावी लागते, म्हणजे सकाळचा पंच आदल्या दिवसाला जोडला जातो. पाळी आठवड्याने फिरते, तेव्हा यादीही त्याच दिवशी बदलावी लागते. महिनाअखेरीला बदलू म्हटलं, की गोंधळ ठरलेला.

(दृश्य : नोटीस बोर्ड. कागद चिकटवला जातो. चार-पाच जण वाकून आपापलं नाव शोधतात. एक बोट ओळीवरून सरकतं.)

या सगळ्या चित्रीकरणात पाहण्यासारखी गोष्ट ही आहे. महिन्याची एक तारीख. पगार अजून काढलेलाच नाही. फक्त मागच्या महिन्याच्या हजेरीची यादी बोर्डावर लावली आहे : नाव, भरलेले दिवस, ओटीचे तास, अर्धवट पंच. ज्याला चूक दिसेल, त्याने तीन तारखेपर्यंत दुरुस्तीची चिठ्ठी द्यायची, सुपरवायझरने सही करायची. चार तारखेला मस्टर, म्हणजे हजेरीपट, बंद. मगच पगार काढायचा आणि सात तारखेच्या आत खात्यात टाकायचा. सात ही कायद्याने दिलेली मुदत आहे.

पगार झाल्यावर चूक सापडली, तर फरक पुढच्या महिन्यावर जातो, पीएफ आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) आकडे पुन्हा हलवावे लागतात, आणि माणूस दोन महिने ऑफिसच्या दारात उभा राहतो. हा एक कागद आधी लावला, तर त्यातलं काहीच होत नाही.

(दृश्य : पगारचिठ्ठी, जवळून. एकेक ओळ.)

त्याच १८,२०० ची चिठ्ठी, ओटी नसलेल्या महिन्याची. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला, तर १२ टक्क्यांनी १,८०० कापले जातात. मालकही १,८०० भरतो, पण त्यातले १,२५० पेन्शनला जातात आणि ५५० पीएफ खात्यात. पासबुकात दोन आकडे सारखे दिसत नाहीत ते यामुळे, कुणी काही खाल्लेलं नसतं. ईएसआय पाऊण टक्का, १३७ रुपये. मालकाचे सव्वातीन टक्के, ५९२. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात १६,०६३.

पॅकिंगला बसलेल्या बायकांच्या चिठ्ठीत मात्र व्यवसाय कराची ओळ नसायला हवी. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. जुनं सॉफ्टवेअर तो कापत राहतं, आणि विचारलं नाही तर कुणी थांबवत नाही.

उचल घेतली असेल, तर तिची ओळ वेगळी हवी : घेतले किती, फेडले किती, उरले किती. ‘इतर कपात’ या शब्दांखाली काहीही ढकलू नये.

(दृश्य : संगणकाचा पडदा. पीएफची मासिक यादी. नावांचा रकाना.)

पीएफ आणि ईएसआय दोन्ही भरायची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. पैसे भरूनही अडकतात ते नावात. आधारवर वडिलांचं नाव आहे, पीएफला नाही. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. लग्नाआधीच्या नावावर जुनं खातं, सासरच्या नावावर नवं. रुजू होतानाच आधार समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं, आणि जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आहे का हे आधी विचारावं. नवा काढणं दोन मिनिटांचं काम असतं, म्हणून तोच काढला जातो, आणि एका माणसाची नोकरी दोन तुकड्यांत पडते.

सोडून गेलेल्याची शेवटची तारीख भरणं हेही राहून जातं. तारीख नाही, तर रक्कम पुढे सरकत नाही. मालकाने भरली नाही, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः ऑनलाइन भरू शकतो. आणि सोडताना द्यायचा हिशेब, तो आता दोन कामाच्या दिवसांत.

ईएसआयमध्ये दिवस मोजून लिहावेत. सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांचा हप्ता भरला गेला असेल, तरच आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. हप्ता वाचवायला २६ चे १२ दिवस दाखवले, की ते हातचे जातात.

(दृश्य : ठेकेदाराची माणसं टेम्पोत माल चढवतात.)

ही माणसंही मोजायची. गाळ्यात २० माणसं झाली की पीएफ लागतो, १० झाली की ईएसआय, आणि त्यात ठेकेदाराचीही धरतात. कागदावर १९ वर थांबलेला मस्टर या पट्ट्यात कमी नाही. ठेकेदाराचं बिल देण्याआधी त्याच्याकडून नावानिशी पीएफची यादी घ्यावी, नुसतं चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, नको. चलनात रक्कम असते, माणूस नसतो. त्याने भरलं नाही, तर ते मूळ मालकाला भरावं लागतं, वर १२ टक्के व्याज आणि दंड.

(दृश्य : सात तारीख, संध्याकाळ. रबाळे स्थानक. फलाटावर मोबाइलचे उजेड.)

बँकेचा मेसेज आला, की पगार कळतो. पीएफ कळत नाही. यूएएनशी जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगनंतर तो आपोआप कटतो आणि मेसेज येतो : शिल्लक किती, शेवटचा हप्ता कोणता. त्यातला महिना बघायचा. चिठ्ठीत कापलेला महिना तिथे पुढच्या २० तारखेपर्यंत दिसला नाही, तर चिठ्ठी आणि मेसेज दोन्ही घेऊन अकाउंटंटकडे जायचं.

(दृश्य : एक कामगार पगारचिठ्ठीची चार घडी करून खिशात ठेवतो. ठाण्याची लोकल येते. निवेदन नाही.)