गोचीड जेवते कुत्र्यावर, राहते भिंतीत

(ठाण्यातील एका गृहसंकुलाच्या सभागृहात पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

ही बाटली आधी पुढच्या रांगेतून फिरू दे. झाकण मात्र कुणी उघडू नका. आत तीन गोचिडी आहेत. चवळीच्या दाण्याएवढी टम्म फुगलेली, करडी, ती मादी. तिळाएवढे चपटे, तपकिरी ते दोन नर. घोडबंदर रोडवरच्या एका बाराव्या मजल्यावर मिळाले, आणि कुत्र्याच्या अंगावर नव्हे, पडद्याच्या दांडीमागे. त्या घरच्या वहिनी वैतागून म्हणत होत्या, "डॉक्टर, दर आठवड्याला आंघोळ घालतो, औषध लावतो, तरी येतात कुठून?" मी स्टूल मागितलं आणि वर चढलो.

मादी पोटभर रक्त प्याली की कुत्र्यावरून गळून पडते आणि सरळ वरच्या दिशेला निघते. भिंत, चौकट, पडदा. एखाद्या फटीत शिरून अंडी घालते, कधीकधी चार हजारांपर्यंत, आणि मरते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. ते कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, उतरतं, फटीत कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. पुन्हा कुत्रा, पुन्हा फट, पुन्हा कात. मग मोठी झाल्यावर तिसऱ्यांदा कुत्रा. आपल्या उकाड्यात हा सगळा फेरा दोन-अडीच महिन्यांत आटपतो. कुत्रा नाहीच मिळाला तर उपाशीपोटी महिनोन्महिने वाट बघण्याची तिची तयारी असते. आपण मात्र साबण लावतो तो कुत्र्याला.

गोचिडींमुळे होणारे आजार खरंच वाढलेत का? थोडं श्रेय तपासण्यांना द्यायला हवं. पूर्वी 'ताप येऊन गेला' म्हणून जे कुत्रं मातीत जायचं, त्याच्या रक्तात आज एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा जंतू, सापडतो. पण तेवढ्यावर भागत नाही. घरोघरी कुत्री आली, उघड्या कचऱ्यावर भटकी वाढली, इमारती येऊरच्या जंगलाच्या पायथ्याला जाऊन टेकल्या. गोठ्यांमध्ये तीच ती औषधं वर्षानुवर्षं फवारल्यामुळे गुरांच्या गोचिडी त्यांना दाद देईनाशा झाल्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो माकडताप वेगळ्या गोचिडीचा. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं आजारी पडली, तिथे तो सापडला. २०१६ च्या सुमारास तो आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या काजूबागांपर्यंत आला. काँगो ताप गुरांवरच्या गोचिडींचा. २०११ मध्ये तो गुजरातेत निघाला आणि २०२० मध्ये शेजारच्या पालघरात प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला. गोठेवाल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पण येऊरला फिरून आलात म्हणून माकडताप होईल, या भीतीने झोप उडवून घेऊ नका.

आपल्याला सांभाळायचं ते जवळचं. कुत्रं खाईनासं झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर रक्त तपासा. माणसाला ताप आणि अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ दिसलं, तर डॉक्टरांना 'गोचीड चावली होती' हे आपणहून सांगा. डेंग्यूच्या तपासणीत हा गोचीड चावून येणारा ताप सापडत नाही. वेळेवर डॉक्सीसायक्लीन मिळालं तर तो आटोक्यात येतो. मात्र ते डॉक्टरांनीच द्यायचं.

आता नैसर्गिक उपाय, ज्यासाठी निम्मी मंडळी आली आहेत. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असा आपला एक गोड गैरसमज आहे. कापूर तेलात कालवून मांजराला चोळलेला मी पाहिला आहे. मांजर सलाईनवर गेलं. रॉकेलचं तर नावही काढू नका. निंबोळी तेल चांगलं, पण ते लगेच मारत नाही. कात टाकणं आणि अंडी घालणं यात खो घालतं. म्हणून ते फटींत मारा. उन्हात त्याचा जोर ओसरतो, तेव्हा पुन्हा पुन्हा मारावं लागतं. शेतकरी हुमणीसाठी वापरतात ती मेटारायझियम बुरशी गोचिडीलाही मारते, पण तिला दमट हवा लागते. पावसाळ्यात जमेल, वैशाखात नाही. पाड्यांवर गोठ्याशी गावठी कोंबड्या सोडतात, त्या गोचिडी टिपून खातात. बाराव्या मजल्यावर कोंबडी पाळा, असं मी अर्थात म्हणणार नाही.

फ्लॅटमध्ये चालतं ते साधंच. चौकटीच्या फटी पुट्टीने बुजवा. कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घाला आणि कडक उन्हात टाका. व्हॅक्यूम क्लीनर भिंतीच्या कडेने फिरवा आणि पिशवी लगेच बांधून टाका. हे तीन महिने सलग करायचं, कारण आज मारलेल्या गोचिडीची अंडी अजून फटीत आहेत. मध्येच सोडलंत तर पहिल्यापासून सुरुवात.

चिकटलेली गोचीड काढताना काडी पेटवून लावू नका, तेल ओतू नका, नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, हात साबणाने धुवा.

आणि एक राहिलंच. आत येताना मी तुमच्या गेटवरच्या केबिनमध्ये डोकावलो. दोन भटकी एका गोणपाटावर झोपतात. गोणपाट उचलला तर खालच्या सिमेंटच्या चिरेत ओळीने बसलेल्या होत्या. बाटलीतल्यांचेच भाऊबंद. ती कुत्री हाकलू नका, त्यांच्या जागी नवी येतील. त्यांच्यावरही औषध घालून घ्या, चीर बुजवा, गोणपाट बदला. येत्या रविवारी सकाळी आठला मी येतो. दोघांनी थापी आणि थोडं सिमेंट घेऊन यावं.