कतरिना गेली, मग बुलडोझर आले : मिसिसिपीच्या जुन्या घरांच्या अनुदानाची गोष्ट

(दृश्य : समुद्रकिनारा, हायवे, मोकळी हिरवळ)

हे बिलॉक्सी, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचा किनारा. समोर मेक्सिकोचं आखात, मध्ये हायवे ९०, आणि हायवेच्या या बाजूला टुलिस-टोलेडानो मॅनर नावाचं एक घर होतं, १८५६ साली बांधलेलं, शहराच्या मालकीचं, लोक तिथे लग्नबिग्न लावायचे. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना हे चक्रीवादळ आलं आणि ते घर गेलं. पण वाऱ्याने नाही गेलं, आणि नुसत्या पाण्यानेही नाही, त्याच्यावर कसिनो येऊन बसला!

चेष्टा नाही करत. मिसिसिपीत तेव्हा कायदा असा होता की किनाऱ्यावर जुगार चालवायचा तर तो पाण्यावर तरंगता हवा, जमिनीवर नको, म्हणून मोठमोठ्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या तरंगत्या तराफ्यांवर, बहुमजली कसिनो बांधून किनाऱ्याला बांधून ठेवलेले असायचे. समुद्र चढला तसे हे बार्ज दोर तोडून सुटले आणि त्यातला ग्रँड कसिनोचा एक बार्ज रस्ता ओलांडून थेट या घरावर. शेजारच्या पास ख्रिश्चन गावाजवळ तर पाणी जवळपास २८ फूट चढलं होतं, म्हणजे आपल्याकडची दोन मजली इमारत पूर्ण बुडेल आणि वर थोडं उरेल इतकं.

पुढची गंमत ऐका. कसिनोवाल्यांसाठी राज्याने कायदा बदलला, ऑक्टोबर २००५ मध्ये, वादळाला दोन महिनेही झाले नव्हते, की आता तुम्ही किनाऱ्यापासून ८०० फुटांपर्यंत आत जमिनीवर बांधू शकता. आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीचा पैसा? त्याचा कायदा वॉशिंग्टनमध्ये सही झाला जून २००६ मध्ये. साडेनऊ महिन्यांनी. आजची सगळी गोष्ट या साडेनऊ महिन्यांचीच आहे खरं तर.

(दृश्य : मोडलेली घरं, रस्त्याकडेला ढिगारे)

वादळानंतर घरमालकासमोर काय असतं बघा. घर पायावरून सरकलंय, छप्पर अर्धं आहे, आत चिखल, इन्शुरन्सवाला म्हणतो हे पाण्याचं नुकसान आहे आमच्या पॉलिसीत फक्त वारा येतो, आणि त्याच वेळी सरकारचा माणूस एक फॉर्म घेऊन येतो, राइट ऑफ एंट्री, इथे सही करा, आम्ही सगळं उचलून नेतो, फुकट. ढिगारा उचलायला फेमाचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याचा पैसा, आर्मी कोअरची, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर विभागाची यंत्रणा, कंत्राटदार तयार. म्हणजे पाडायचं असेल तर आज आणि फुकट, वाचवायचं असेल तर स्वतःच्या खिशातून आणि कधी ते माहीत नाही. अशात सही करणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही. पण त्या सह्यांमध्ये अशीही घरं गेली जी दुरुस्त होऊ शकत होती.

एक अडसर मात्र होता. १९६६ च्या नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्वेशन अॅक्टमध्ये कलम १०६ आहे, केंद्राचा पैसा लागणार असेल, अगदी पाडायला लागला तरी, तर त्याचा ऐतिहासिक वास्तूवर काय परिणाम होतो ते आधी तपासायचं. म्हणून राज्याचं पुराभिलेख आणि इतिहास खातं, त्यांच्या जोडीला स्वयंसेवक आर्किटेक्ट, इंजिनिअर, हे लोक गावोगाव फिरून कुठलं घर अजून उभं राहू शकतं ते बघत होते. अनुदान नंतरची गोष्ट, आधी कुणीतरी ते घर यादीत धरून ठेवावं लागतं.

आता पैसा येतो कुठून ते सांगतो, कारण हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो.

अमेरिकेत हिस्टॉरिक प्रिझर्वेशन फंड नावाची एक तिजोरी आहे, १९७६ पासून. वर्षाला १५ कोटी डॉलरपर्यंत त्यात जमा करायची मुभा कायद्याने दिली आणि हे पैसे टॅक्सचे नाहीत, समुद्रात तेल आणि गॅस काढणाऱ्या कंपन्या केंद्र सरकारला जे भाडं आणि रॉयल्टी देतात त्यातले आहेत. त्या तेलविहिरी बहुतेक कुठे? याच मेक्सिकोच्या आखातात. म्हणजे ज्या समुद्राने घर मोडलं त्याच समुद्राच्या पोटातल्या तेलाचे पैसे घर बांधायला. अर्थात १५ कोटी ही कागदावरची मर्यादा, दरवर्षी प्रत्यक्षात किती द्यायचे ते संसद ठरवते आणि संसदेचा हात तसा आखडताच असतो.

मोठं वादळ आलं की या फंडात वेगळी भर टाकतात. कतरिना आणि त्या मोसमातल्या बाकी हरिकेनसाठी २००६ मध्ये ४ कोटी डॉलर, मग २००७ मध्ये आणखी १ कोटी. पैसा नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्रीय खात्याकडून राज्यांकडे जातो. प्रत्येक राज्यात एक स्टेट हिस्टॉरिक प्रिझर्वेशन ऑफिस असतं, तिथली मंडळी त्याला शिपो म्हणतात, ते शिपो मग अर्ज मागवतं आणि मालकांना देतं. नेहमीच्या अनुदानात राज्याला किंवा मालकाला आपला वाटा घालावा लागतो, पण या वादळाच्या पैशात ती अट काढून टाकली होती, आणि ऑफिस चालवायच्या खर्चाला जास्तीत जास्त ५ टक्के, बाकी सगळं कामावर. हे दोन्ही चांगलं केलं. ज्याचं घर वाहून गेलंय त्याला म्हणायचं की अर्धे पैसे तू आण, याला काय अर्थ आहे.

पण फुकट काहीच नसतं. घर नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या केंद्राच्या यादीत, नोंदलेलं हवं किंवा नोंदण्याच्या लायकीचं आहे असं शिपोने म्हणायला हवं. नुकसान त्याच वादळाचं हवं, वीस वर्षं गळणारं छप्पर या निमित्ताने नाही करून घेता येत. आणि काम सेक्रेटरी ऑफ द इंटीरियरच्या, म्हणजे केंद्रातल्या इंटीरियर खात्याच्या मंत्र्याच्या, स्टँडर्ड्सप्रमाणे. त्याचा गाभा साधा आहे, दुरुस्त होत असेल तर बदलू नका, बदलावंच लागलं तर जे होतं तेच बसवा.

(दृश्य : भिंतीचा क्लोजअप, लाकडी पट्ट्या आणि गिलावा)

ही भिंत जवळून बघा. आडव्या बारीक लाकडी पट्ट्या, त्यावर गिलावा. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत ही अशीच भिंत. ती भिजली तर दारं-खिडक्या उघडून, हवा खेळती ठेवून महिना-दोन महिने वाळू द्यायची, बहुतेक वेळा वाचते. नवीन घरात असतो जिप्समचा बोर्ड, वर कागद, तो पाणी शोषतो, बुरशी धरतो, काढून फेकावाच लागतो. आता झालं काय, कतरिनानंतर मदतीला आलेली चांगली चांगली पोरं, मनापासून राबणारी, त्यांना एवढंच शिकवलेलं की ओली भिंत दिसली की फोडा. त्यांनी जुन्या घरांतला चांगला गिलावा पण फोडून रस्त्यावर टाकला आणि मालकाने त्याजागी पैसे खर्चून तोच बोर्ड लावला जो पुढच्या पुरात परत सडणार.

खिडक्यांचंही तेच. जुनं लाकूड म्हणजे लाँगलीफ पाइन किंवा सायप्रस, हळू वाढलेल्या झाडांचं, जवळजवळ वलयं, पाइन असेल तर राळेने भरलेलं, वाळवी सहसा वाटेला जात नाही. लाँगलीफ पाइनचं जंगल एकेकाळी अमेरिकेच्या दक्षिणेत ९ कोटी एकरांवर होतं, ते तोडून संपवलं, म्हणजे तसं लाकूड आता बाजारात मिळतं ते बहुतेक मोडलेल्या इमारतींतूनच. आणि लोक ती खिडकी कचऱ्यात टाकून प्लॅस्टिकची बसवतात. अनुदान घेतलंत तर तसं करता येत नाही. काही मालक यावर वैतागतात, घर माझं, खिडकी कुठली ते वॉशिंग्टनचं पुस्तक सांगणार का, आणि तो वैताग मला समजतो, पण या बाबतीत पुस्तक बरोबर आहे.

आणखी एक अट, पैसे घेतले की त्या मालमत्तेवर लेखी बंधन येतं, किमान काही वर्षं ते घर नीट ठेवायचं, शिपोला न विचारता रूप बदलायचं नाही. रक्कम मोठी तशी मुदत मोठी. घर विकलं तरी बंधन नव्या मालकाच्या गळ्यात.

आणि खरी पोटातली गोष्ट म्हणजे हे अनुदान बहुतेक वेळा आधी खर्च करा मग बिलं द्या असं चालतं. कंत्राटदाराला पैसे आज लागतात. ज्याच्याकडे आधीच थोडा पैसा आहे, कागद जपून ठेवलेत, ऑनलाइन फॉर्म भरता येतो, तो पुढे जातो. एकट्या म्हाताऱ्या बाईचं घर, वडिलोपार्जित, सातबाऱ्यासारखा जो काही उतारा तिकडे असतो त्यावर अजून आजोबांचं नाव, ती कुठे अर्ज करणार?

(दृश्य : ओशन स्प्रिंग्ज, झाडांत लांबट बसकं घर)

आता एक वाचलेलं घर. ओशन स्प्रिंग्ज, बिलॉक्सीच्या खाडीपलीकडचं गाव. चार्नली-नॉरवुड हाउस. शिकागोचे लाकडाचे व्यापारी जेम्स चार्नली यांनी १८९० मध्ये हे सुट्टीचं घर बांधून घेतलं, आर्किटेक्ट लुई सलिव्हन, आणि तेव्हा त्यांच्या ऑफिसात काम करणारा तरुण म्हणजे फ्रँक लॉइड राइट. यातलं कुणाचं किती यावर अभ्यासक अजून भांडतात. १८९७ ला आगीत जळलं, तेव्हाचे मालक नॉरवुड यांनी परत बांधलं. शेजारीच सलिव्हन यांचं स्वतःचं बंगलेवजा घर होतं.

कतरिनाने सलिव्हन यांचं घर पुसून टाकलं, काही म्हणजे काही उरलं नाही. हे शेजारचं मात्र पायाच्या खांबांवरून ढकललं गेलं, भिंती फाटल्या, पण उभं राहिलं, कसंबसं. बुलडोझरने दहा मिनिटांत संपवलं असतं. त्याला टेकू दिले, सावरलं आणि मग वाट बघत बसले. २०११ मध्ये राज्य सरकारने ते विकत घेतलं, त्यात इतिहास खात्याचं वादळ अनुदान होतं आणि किनाऱ्यासाठीच्या दुसऱ्या एका केंद्रीय योजनेचा पैसा होता. दुरुस्ती होईपर्यंत २०१३ उजाडलं. आत गेलात तर भिंतींना कर्ली पाइनच्या फळ्या आहेत, लाकडाच्या रेषा सरळ न जाता लाटांसारख्या वळत जातात, उजेड तिरका पडला की हलल्यासारख्या वाटतात.

आठ वर्षं. आणि हे तर जगप्रसिद्ध आर्किटेक्टचं घर! साध्या घराला एवढा धीर कोण धरतो?

कुणाला पैसा मिळतो हा वादही आहेच. बिलॉक्सीतलं बोव्हार, यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या अध्यक्षाचं, जेफरसन डेव्हिसचं घर, ते सरकारी मदतीवर दुरुस्त होऊन जून २००८ मध्ये उघडलंसुद्धा. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या माणसाचं घर एवढ्या तातडीने का, असं विचारणारे विचारतात, आणि विचारावंच. तिकडे पास ख्रिश्चनमध्ये रँडॉल्फ स्कूल, १९२८ ची, काळ्या मुलांसाठी रोझेनवाल्ड फंडाच्या मदतीने बांधलेली, तिच्या बाबतीत पाडापाडीची भाषा झाली. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी ती लावून धरली म्हणून ती आज उभी आहे.

आणि नियम नेहमी विरोधात असतात असंही नाही हं. पूरविम्याचा एक नियम आहे, दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या ५० टक्क्यांवर गेला तर अख्खं घर उचलून पूरपातळीच्या वर न्यायचं. किनाऱ्यावर म्हणजे कधीकधी बारा-पंधरा फूट खांबांवर. नोंदलेल्या ऐतिहासिक घराला यातून सूट मिळू शकते, जोवर दुरुस्तीने त्याचं ऐतिहासिकपण जात नाही तोवर. सूट घ्यावी का हा वेगळा प्रश्न, कारण समुद्र काही नोंदवही वाचून येत नाही, आणि काहींनी सूट असूनही घर चार-पाच फूट उचललं, मला वाटतं शहाणपणा केला.

हे बघताना कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं, कौलं उडाली, वाड्यांची आढी मोडली. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा रकाने कुठले, कच्चं, पक्कं, झोपडी, पूर्ण की अंशतः. शंभर वर्षांचा जांभ्याचा, चुन्याचा, सागवानी खांबांचा वाडा यातल्या कुठल्या रकान्यात बसतो? जो पैसा आला त्यातून लोकांनी पत्रे घातले, पाऊस तोंडावर होता, दुसरं करणार काय. आपल्याकडे त्या वाड्यांसाठी शिपोसारखं दारात येणारं कुणी नाही.

अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. दर वादळाला नवा कायदा लागतो. सँडी ऑक्टोबर २०१२ ला आली, पैसा जानेवारी २०१३ ला मंजूर, ५ कोटी, नंतर कपात लागून ४ कोटी ७५ लाख. हार्वी, अर्मा, मारिया २०१७ च्या, पैसा फेब्रुवारी २०१८ ला, ५ कोटी, आणि त्यात टेक्सास, फ्लोरिडा, अख्खं प्वेर्तो रिको. फ्लोरेन्स आणि मायकल २०१८ च्या शरदातल्या, पैसा जून २०१९ ला. मंजुरीनंतर राज्याशी करार, मग अर्ज, मग छाननी, मग बंधनपत्र, मग कंत्राटदार, आणि चुन्याचं काम येणारा गवंडी सगळ्या जिल्ह्यात मिळून मोजकाच.

या सगळ्या काळात घराला लागतं काय, तर छपरावर निळी ताडपत्री, चार टेकू, खिडक्यांना प्लायवूड आणि पंखे. हा खर्च दुरुस्तीच्या मानाने किरकोळ आहे. पण तो पहिल्या पंधरवड्यात लागतो, आणि पहिल्या पंधरवड्यात सरकारी पैसा मुख्यतः ढिगारा उचलायला असतो.