नेम धरताना दोन्ही डोळे उघडे

नेम धरलेल्या तिरंदाजाचा चेहरा नीट बघा. धनुष्य पूर्ण ताणलंय, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या टोकाला टेकलीय, गाल मात्र सैल आहेत. आणि डोळे दोन्ही उघडे. नवखा तिरंदाज सहसा एक डोळा मिटतो. साहजिक आहे ते, कारण दोन्ही उघडे ठेवले की त्याला धनुष्यावरच्या एका साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) जागी दोन दिसायला लागतात.

तुम्हीही करून बघा. हात लांब करून एक बोट समोर धरा आणि नजर पलीकडच्या भिंतीवर ठेवा. बोटं दोन झाली ना? दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटरचं अंतर असतं, म्हणून प्रत्येकाला ते बोट वेगळ्या जागी दिसतं. आता फार विचार न करता बोट भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर आणा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला बोट खुणेवरच दिसतं, तो तुमचा प्रबळ डोळा. इटलीचे शास्त्रज्ञ देल्ला पोर्ता यांनी अशी चाचणी १५९३ सालीच लिहून ठेवली होती. सुमारे दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ निघतो. पण उजव्या हाताने लिहिणाऱ्या कितीतरी जणांचा डावा असतो. चष्म्याच्या नंबरावरूनही ते ठरत नाही.

खरी अडचण इथे सुरू होते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण उजव्या डोळ्याखाली असतो. नेम डाव्या डोळ्याने धरला गेला, तर साइट बरोबर लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळावर दिसते आणि बाण डावीकडे रोखलेला असतो. किती डावीकडे? साइट डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर धरा. तेवढ्यात ६ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे १८ मीटरवर वीसपट, १२० सेंटिमीटर! इनडोअरचा टार्गेट फेस, म्हणजे लक्ष्याचा कागदच, ४० सेंटिमीटरचा. आणि खेळाडू बिचारा चूक शोधत राहतो ती कोपरात, नाहीतर रिलीजमध्ये, म्हणजे दोरी सोडण्यात.

डोळा मिटला की हा घोळ थांबतो, हे खरं. पण पापणी आवळली की चेहरा आवळतो, उघडा डोळाही किलकिला होतो. ७२ बाणांच्या फेरीत तो ताण साचत जातो. मोकळ्या रानात खेळायच्या फील्ड तिरंदाजीत काही वेळा न मोजलेलं अंतर जोखायचं असतं, तिथे तर दोन्ही डोळे हवेतच.

म्हणून माझं मत असं, की नुकतंच शिकायला आलेल्या मुलाचा डावा डोळा ठळकपणे प्रबळ असेल, तर त्याला सरळ डावखुरं धनुष्य द्यावं. वर्षानुवर्षं एकाच बाजूने खेळलेल्याला हे जड जाईल. त्याने चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट चिकटपट्टी लावावी. उजेड आत येतो, पापणी सैल राहते, दुसरी साइट पुसली जाते. कंपाउंडवाल्यांना (कप्प्यांचं धनुष्य वापरणाऱ्यांना) दोरीतल्या पीप साइटच्या बारीक छिद्रातूनच बघायचं असतं, त्यामुळे त्यांचा गोंधळ कमी होतो.

चाचणी मात्र नुसती समोर बघून उरकू नका. काही जणांचा प्रबळ डोळा नजर बाजूला वळली की बदलतो, आणि शूटिंग लाइनवर तर शरीर लक्ष्याकडे बाजू करून उभं, मान खांद्याकडे वळलेली असते. तसंच उभं राहून, धनुष्याचा हात उचलून, तीच चाचणी पुन्हा करा. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, तर धनुष्य त्या बाजूचं घ्या. वेगळं आलं, तर शूटिंग लाइनवरचं उत्तर खरं धरा.