पाऱ्याची साक्ष

(अतिसंवाहकता, म्हणजे धातूचा विद्युतरोध पार नाहीसा होणं, या विषयावर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मंडळी, सुरुवात मोजामोजीनं करू. या स्टँडला एक स्प्रिंग टांगली आहे आणि तिला २०० ग्रॅमचं वजन. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून उसनं आणलंय, उद्या सकाळी परत करायचंय. मी ते खाली ओढून सोडतो. पहिल्या रांगेतल्या ताईंनी १० सेकंद झाले की 'थांबा' म्हणायचं, बाकीच्यांनी हेलकावे मोजायचे. चला.

किती झाले? एकोणीस. मागून वीस आले. पुण्यातलं सभागृह आहे, एकमताची अपेक्षा नव्हतीच. आता अशीच चार वजनं, म्हणजे ८०० ग्रॅम, लावतो. दहा? छान. वजन चौपट केलं, हेलकावे निम्मे झाले. म्हणजे मधे वर्गमूळ आलं. स्प्रिंग तीच, ताठरपणा तोच, फक्त वजन बदललं. हे वर्गमूळ जवळ ठेवा, थोड्या वेळानं ते पाऱ्यात सापडणार आहे.

पाऱ्याच्या प्रत्येक अणूच्या केंद्रकात ८० प्रोटॉन असतात. न्यूट्रॉनांची संख्या मात्र कमीजास्त असते, त्यामुळे कुठला अणू १९६ वजनाचा तर कुठला २०४. असे सात स्थिर प्रकार निसर्गात मिसळलेले आहेत. त्यांना समस्थानिक म्हणतात, आवर्तसारणीत एकाच पाटावर बसणारे. रसायनाच्या दृष्टीनं ही जुळी भावंडं. आता धातूतून वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांमुळे. न्यूट्रॉनाला तर विद्युतभारही नाही, आणि तो अणूच्या पार आत, केंद्रकात बसलेला. तो एक जास्त की एक कमी, याचं विजेला काय सोयरसुतक? १९५० पर्यंत बहुतेक शहाण्या माणसांचं उत्तर होतं, काही नाही.

अतिसंवाहकता तोवर ३९ वर्षांची झाली होती. १९११ साली हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांनी पारा द्रव हेलियमनं थंड केला, आणि ४.२ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या, आसपास त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झाला. कमी झाला असं नव्हे, मोजता येईना. ज्या तापमानाला हे घडतं त्याला क्रांतिक तापमान म्हणतात. मग शिसं, कथील असे इतर धातू सापडत गेले. असं का होतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या काळच्या नामांकित डोक्यांनी प्रयत्न केले आणि हात टेकले.

ओनेस यांना समस्थानिकांची शंका आली होती, याचं मला फार कौतुक वाटतं. १९२२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं साधं शिसं आणि युरेनियमच्या खनिजातून मिळालेलं शिसं शेजारीशेजारी तपासलं. साध्या शिशाचं अणुवजन २०७.२, युरेनियमवाल्याचं जवळपास २०६. फरक दिसला नाही. आज हिशेब केला तर फरक पडायला हवा होता अवघा ०.०२ अंशाचा. त्यात शिशाचं क्रांतिक तापमान ७.२ केल्विन, आणि ही जागा अगदीच अडचणीची. द्रव हेलियम ५.२ च्या वर द्रव राहत नाही आणि हायड्रोजन १४ च्या खाली गोठतो. मधल्या पट्ट्यात बुडवून ठेवायला कुठलाच द्रव नाही. शेगडी आहे पण पातेलं नाही, अशी गत. तिथं दोन शतांश अंश पकडणं म्हणजे चेष्टा नव्हे. पण 'फरक दिसला नाही'चं वाचणाऱ्यांनी 'फरक नाही' करून टाकलं आणि तो प्रश्न पुढची २८ वर्षं जवळपास बासनात गेला.

शतांश अंश म्हणजे काय, ते मला एकदा पुण्यातच कळलं. विद्यार्थी होतो. पारा बारीक केशनळीत भरून, उघड्या तोंडाच्या थर्मासातल्या द्रव हेलियममध्ये सोडला होता. पुस्तकात वाचलेलं की हेलियम ४.२२ ला उकळतो आणि पारा ४.१५ ला अतिसंवाहक होतो. म्हणजे आधी रोध दिसणार, मग पंपानं हेलियमवरचा दाब कमी करत तापमान खाली न्यायचं, मग रोध जाणार. पण पंप सुरू करायच्या आधीच रोध मधेच गायब होई, मधेच परत येई. दोन रात्री मी सोल्डरचे जोड तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी आमचे सर आले, त्यांनी तक्ता पाहिला, मग भिंतीवरचा वायुभारमापक पाहिला आणि विचारलं, "आपण मुंबईत आहोत का रे?"

पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच. इथं हवेचा दाब ७६० मिलिमीटर नसतो, ७१० च्या आसपास असतो. म्हणून आपल्याकडे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. हेलियमचंही तेच, तो ४.१५ ला उकळतो. म्हणजे बोरघाट चढून आल्याबरोबर माझा पारा आपोआप क्रांतिक तापमानाच्या उंबऱ्यावर येऊन बसला होता, एक पाय आत आणि एक बाहेर. चूक सर्वस्वी माझी. मुंबई-पुण्यात हेलियमच्या उत्कलनबिंदूचा फरक पडतो ०.०७ अंश. आणि आता ज्या शोधाबद्दल सांगणार आहे, तो सगळा याच्या निम्म्याएवढ्या जागेत घडला.

१९५०. अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांच्या नकळत काम चाललेलं. एक जण इमॅन्युएल मॅक्सवेल, वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये. दुसरा गट रटगर्स विद्यापीठात, रेनॉल्ड्स, सेरिन आणि त्यांचे सहकारी. मॅक्सवेलच्या संस्थेत त्या दिवसांत एक दुर्मीळ चीज होती, जवळजवळ शुद्ध पारा-१९८. तो आला होता सोन्यापासून! अणुभट्टीत सोन्यावर न्यूट्रॉनांचा मारा केला की सोनं-१९७ चं सोनं-१९८ होतं, आणि ते साधारण पावणेतीन दिवसांत निम्मं, या गतीनं पाऱ्यात बदलत जातं. आपल्या रसशास्त्रानं आणि युरोपातल्या किमयागारांनी शतकानुशतकं पाऱ्याचं सोनं करायचं स्वप्न पाहिलं. किमया साधली, पण उलटी. लक्ष्मी रोडवरच्या सराफाला हे सांगून पाहा, तो तुम्हाला चहासुद्धा विचारणार नाही. मुळात हा पारा हवा होता दिव्यासाठी, कारण एकाच समस्थानिकाच्या पाऱ्याची हिरवी रेषा फार स्वच्छ निघते आणि तिच्यावरून लांबी मोजता येते.

या पाऱ्याचं क्रांतिक तापमान मॅक्सवेलला मिळालं ४.१७७ केल्विन, साध्या पाऱ्याचं ४.१५६. रटगर्सवाल्यांनी वेगवेगळ्या सरासरी वजनांचे नमुने घेतले. सरासरी अणुवजन १९९.५ वरून २०३.४ वर नेलं तसं क्रांतिक तापमान ४.१८५ वरून ४.१४६ वर उतरलं. हलका पारा आधी अतिसंवाहक होतो, जड पारा नंतर.

आता जवळ ठेवलेलं वर्गमूळ काढा. १९९.५ वरून २०३.४, म्हणजे वजन साधारण २ टक्के वाढलं. वर्गमुळात २ टक्क्यांचा होतो १ टक्का. ४.२ चा १ टक्का किती? ०.०४२. प्रत्यक्षात उतरलं ०.०३९. वाण्याच्या वजनांनी जो हिशेब सांगितला, तोच पाऱ्यानं उणे २६९ अंशांवर सांगितला.

याचा अर्थ उघड होता. अतिसंवाहकता फक्त इलेक्ट्रॉनांचं खासगी प्रकरण असेल, तर केंद्रकाच्या वजनाला तिच्यात प्रवेशच नाही. वजनाला किंमत येते ती अणू हलत असतील तरच. म्हणजे स्फटिकजालकाची, धातूतल्या अणूंच्या शिस्तबद्ध मांडणीची, कंपनं, ज्यांना फोनॉन म्हणतात, ती या कटात सामील आहेत. गंमत बघा, हर्बर्ट फ्रोलिख यांनी त्याच सुमारास, या प्रयोगांची वार्ता नसताना, कागदावर नेमकं हेच मांडलं होतं. आणि सेरिन यांनी मे महिन्यात जॉन बार्डीन यांना फोन करून निकाल सांगितला. बार्डीन तेव्हा ट्रान्झिस्टरमध्ये गुंतलेले. अतिसंवाहकतेच्या जुन्या कोड्याकडे ते परत वळले, आणि १९५७ साली कूपर आणि श्रीफर यांच्याबरोबर त्यांनी पूर्ण सिद्धांत दिला. त्याचं नोबेल १९७२ चं.

सिद्धांतातलं गणित सोडू. चित्र देतो. पालखी लक्ष्मी रोडवरून जाते तेव्हा काय होतं? दोन्ही बाजूंची माणसं दर्शनाला आत रेटतात. पालखी पुढं निघून जाते, पण गर्दी लगेच मागं हटत नाही, तिथं थोडा वेळ दाटी राहते. धातूत पालखी म्हणजे ऋणभारित इलेक्ट्रॉन आणि गर्दी म्हणजे धनभारित आयन, इलेक्ट्रॉन सुटून गेलेले अणू. आयन जड, आळशी. ते आत झुकेपर्यंत इलेक्ट्रॉन शेकडो अणू ओलांडून गेलेला असतो, पण मागं धनभाराची दाटी उरते. ती दाटी दुसऱ्या एका इलेक्ट्रॉनाला खेचते. अशा रीतीनं एकमेकांना दूर ढकलणारे दोन इलेक्ट्रॉन, मधल्या गर्दीच्या कृपेनं, जोडीनं बांधले जातात. पालखीचं चित्र इथपर्यंतच पुरतं, फार ताणू नका. महत्त्वाचं हे की आकर्षणाचा पल्ला, अंतराचा नव्हे, तर ते किती ऊर्जेच्या टप्प्यातल्या इलेक्ट्रॉनांना पकडतं तो, जालकाच्या कंपनसंख्येवर ठरतो. आयन जड झाले, कंपनसंख्या वर्गमुळाच्या हिशेबानं उतरली, की क्रांतिक तापमान तिच्यामागून उतरतं.

इथं व्याख्यान संपवलं असतं तर गोष्ट गोंडस झाली असती. कथील, शिसं हेही साधारण वर्गमुळाप्रमाणे वागतात. पण १९६१ मध्ये रुथेनियम तपासला गेला आणि त्यात परिणाम आढळला शून्य! समस्थानिक बदला, तापमान जागचं हलत नाही. बर्न्ड मॅथायस, ज्यांनी नवे नवे अतिसंवाहक शोधण्यात हयात घालवली, ते म्हणू लागले की अशा धातूंत फोनॉन नाहीतच, कारण वेगळं आहे. साक्षीदार गप्प म्हणजे आरोपी निर्दोष. पण तसं नसतं. आयन जड झाले की आकर्षणाचा पल्ला घटतो, हे खरं. त्याच वेळी दाटी आणखी उशिरा होते, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन वेळेच्या अंतरानं भेटतात आणि आपसातलं वैर जास्त चांगलं टाळतात. एक परिणाम तापमान खाली ओढतो, दुसरा वर. पाऱ्यात पहिला जबर, ऑस्मियम आणि मॉलिब्डेनममध्ये झटापट, रुथेनियममध्ये बरोबरी. बरोबरीत सुटलेली कुस्ती झालीच नाही असं आपण म्हणत नाही.

उलटीसुद्धा साक्ष आहे. पॅलेडियममध्ये हायड्रोजन मुरवला तर तो ९ केल्विनजवळ अतिसंवाहक होतो. हायड्रोजनऐवजी दुप्पट जड ड्यूटेरियम घातला तर नियमानं साडेसहाच्या आसपास यायला हवं. येतं ११! इथं माझी स्प्रिंगच खोटी ठरते. हायड्रोजन इतका हलका की पॅलेडियमच्या पोकळीत तो मोठ्या झोक्यानं डोलतो, आणि लांब गेल्यावर भिंती त्याला जास्त कडक लागतात. जड ड्यूटेरियम मधेच, मऊ भागात राहतो. म्हणजे वजन बदलल्यावर स्प्रिंगचा ताठरपणाच बदलला. सुरुवातीला मी तुम्हाला 'ताठरपणा तोच' असं ठासून सांगितलं होतं, ते इथं मागं घेतो.

साक्षीदार शहाणा असेल तर तो कुणी केलं हेही सांगतो. मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला अतिसंवाहक होतं हे २००१ मध्ये जाहीर झालं. बोरॉन-११ काढून बोरॉन-१० घातल्यावर तापमान १ अंशानं चढलं, मॅग्नेशियमचे समस्थानिक बदलून जवळपास काहीच नाही. म्हणजे कारभार बोरॉनचा, मॅग्नेशियम नावाला. उच्च दाबाखालच्या हायड्रोजन सल्फाइडमध्ये २०१५ साली २०३ केल्विन मिळालं. ड्यूटेरियम घातल्यावर ते दीडशेच्या आसपास आलं, तेव्हाच लोकांनी मान्य केलं की हे जुनंच, फोनॉनवालं प्रकरण आहे. ९२ केल्विनच्या तांबे-ऑक्साइडांत मात्र ऑक्सिजन-१८ घालून जेमतेम काही दशांश अंशांचा फरक पडतो, आणि त्या साक्षीचा अर्थ काय लावायचा यावर तज्ज्ञ आजही भांडताहेत.

प्रश्न घेऊ. मागचे काका विचारतात, आमची तांबट आळी एवढी जुनी, तांबं विजेचं इतकं उत्तम वाहक, मग तुमच्या यादीत तांबं कुठंय?

नाही. सोनंही नाही, चांदीही नाही. निखळ तांब्यात अतिसंवाहकता आजवर आढळलेली नाही. आणि कारण ऐकून तुम्हाला राग येईल. साध्या तापमानाला विजेला अडवतं कोण? जालकाची कंपनंच. तांब्यात इलेक्ट्रॉन आणि जालक यांचं बोलणं फार कमी, म्हणून वीज सरळ निघून जाते. पण जोडी जमवायला तेच बोलणं लागतं. शिशात दोघांचं सारखं वाजतं, म्हणून ते एरवी भिकार वाहक आणि ७.२ केल्विनला अतिसंवाहक. तांब्याचेही दोन समस्थानिक आहेत, ६३ आणि ६५. ते हवे तितके निवडून वेगळे करा, हवं तर तांबट आळीत नेऊन दोन्हीची मठारलेली घागर करून आणा. क्रांतिक तापमानच नसेल तर फरक कशातला मोजणार?

बाकी, २०० ग्रॅमचं एखादं वजन कुणाच्या हातात राहिलंय का? वाण्याला चारही नग परत द्यायचेत.