नाद लागतो, नोकरीही लागते

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात एक अर्ज भरायला बसलो होतो. नाव, जन्मतारीख वगैरे झालं आणि 'व्यवसाय' आला. त्यापुढे चांगली लांब रेघ. मी लिहिलं, भाषांतर. त्याच्याखाली 'छंद', आणि त्याला जेमतेम दीड इंच जागा. तिथे पेन अडलं. कारण नोकरीत होतो तेव्हा रात्री जागून मी भाषांतरंच करायचो, आणि तेव्हा तो छंद होता. आता त्याचे पैसे मिळतात म्हणून तो वरच्या रेघेवर जाऊन बसला. खाली लिहायला काही उरलंच नाही. अर्ज बाजूला सारला, कोश काढले आणि बसलो तो बसलोच. त्या बैठकीत जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात घोड्यापासून करू. इंग्रजीतला 'हॉबी' आता आपल्यालाही परका राहिलेला नाही. पण मुळात हॉबी म्हणजे लहान चणीचा घोडा. रॉबिन या नावाचं ते लाडकं रूप. बैलाला ढवळ्या-पवळ्या म्हणावं तसं. मग आला हॉबी-हॉर्स. एक काठी, तिच्या टोकाला लाकडाचं किंवा चिंध्या भरलेलं घोड्याचं डोकं आणि दोरीचा लगाम. पोर ती काठी दोन पायांत धरतं, लगाम खेचतं, तोंडाने टापा वाजवतं आणि उधळतं. धावतात त्याचेच पाय, दम लागतो त्यालाच, पण विचारलंत तर म्हणेल घोडा पळतोय. कुठे निघालास, तर त्याला उत्तर नाही. फिरून फिरून त्याच अंगणात.

हे खेळणं मोठ्या माणसांच्या हाती दिलं लॉरेन्स स्टर्नने. त्याची 'ट्रिस्ट्रॅम शँडी' ही कादंबरी १७५९ ते १७६७ या काळात खंडाखंडाने बाहेर पडली. तिच्यातले टोबीकाका बेल्जियममधल्या नामूर शहराच्या वेढ्यात जखमी होऊन घरी आलेले. आपल्याला नेमकं कुठे लागलं हे आल्यागेल्याला समजावता समजावता ते नकाशे, बुरूज, खंदक यांत असे गुंतत जातात की शेवटी हिरवळीवर मातीचे किल्ले उभारून लढाया खेळू लागतात. स्टर्न म्हणतो, हा त्यांचा हॉबी-हॉर्स. पुढे बोलता बोलता शब्दातला हॉर्स गळून पडला आणि हॉबी उरली.

गंमत अशी की हा काठीचा घोडा एकट्या इंग्रजीत राहिला नाही. जर्मनमध्ये छंदाला 'श्टेकनफेर्ट' म्हणतात, म्हणजे काठीचा घोडा. डच भाषेत 'स्टोकपार्ड्ये', तोच घोडा. फ्रेंच मुलं घोड्याला 'दादा' म्हणतात, आणि एखादा गृहस्थ पुन्हा आपल्या आवडत्या विषयावर घसरला की फ्रेंच माणूस म्हणतो, हे बसले आपल्या दादावर. आपल्या दादाचा इथे काही संबंध नाही, पण असता तर वाक्य आणखी खुललं असतं. रशियनमध्ये 'कन्योक', छोटा घोडा. चेक भाषेत 'कोनीचेक', तोही छोटा घोडा, आणि तिथे तर तो छंदाचा अगदी रोजचा शब्द आहे. इतक्या देशांतली शहाणीसुरती माणसं पाच वाजता हिशेबाच्या वह्या मिटून एकाच काठीवर बसलेली डोळ्यांसमोर आणून पाहा.

फ्रेंचांकडे घोड्याखेरीज एक व्हायोलिनही आहे. आंग्र नावाचा मोठा चित्रकार, १७८० ते १८६७. तरुणपणी तुलूझच्या वाद्यवृंदात तो व्हायोलिन वाजवायचा, आणि चित्रकार म्हणून कीर्ती झाल्यावरही त्याने ते सोडलं नाही. त्यावरून मुख्य कामाबाहेरच्या हौसेला फ्रेंचमध्ये 'आंग्रचं व्हायोलिन' म्हणतात. ते वाद्य मोंतोबां या त्याच्या गावच्या संग्रहालयात अजून आहे. चित्रांनी नाव मिळवलेल्या माणसाचं आडनाव भाषेत रुजलं ते व्हायोलिनच्या खुंटीला टांगून. त्याला हे कितपत रुचलं असतं, कोण जाणे.

आता आपल्याकडे या. युरोपात माणूस छंदावर स्वार होतो. मराठीत कोण कोणावर बसतं? 'मला पुस्तकांचा नाद लागला.' 'तिला गाण्याचं वेड लागलं.' 'त्याच्या डोक्यात खूळ शिरलं.' 'छंद जडला.' या वाक्यांत माणूस बिचारा कधी 'ला', कधी 'च्या' लावून एका बाजूला उभा असतो आणि जे करायचं ते नाद करतो, वेड करतं, खूळ करतं. लगाम आपल्या हातात नाहीच. जे 'लागणे' भुताला, रोगाला आणि तहानेला, तेच नादाला. तुकोबांनीही 'गोविंद गोविंद, मना लागलिया छंद' असंच म्हटलं आहे. छंद घेतला किंवा केला असं ते म्हणाले नाहीत. मन आपल्या जागी होतं, छंद येऊन लागला.

आता हे ऐका. 'मुलाला नोकरी लागली.' तेच क्रियापद! पोटासाठी जे करायचं तेही आपल्याला लागतंच. बरं, लागलेलं सुटतंही. नाद सुटतो, व्यसन सुटतं, नोकरी सुटते. पहिल्या दोन वाक्यांवर घरात पेढे वाटतात, तिसऱ्यावर कोणी जेवत नाही, पण व्याकरणाला त्याचं काही नाही. हा मेळ मला कोशात मिळाला नाही. फोनवर कोणाशी तरी बोलताना आपल्याच तोंडून दोन्ही वाक्यं लागोपाठ निघाली तेव्हा लक्षात आला.

धंदा मात्र लागत नाही. तो काढावा लागतो, मग तो चालतो, बसतो किंवा बुडतो. हौसेची तऱ्हा आणखी वेगळी. हौस फिटते, कर्ज फिटावं तशी; किंवा भागते, तहान भागावी तशी. आणि छंद 'जोपासणे' ही शाळेच्या निबंधातली भाषा आहे. घरात कोणी काही जोपासत नाही. घरात म्हणतात, 'ह्याला कसला नाद लागलाय बघा.'

नाद, छंद, व्यसन, व्यासंग यांची आपापसातली प्रतवारी पाहण्यासारखी आहे. व्यसन आज वाईट. पण भर्तृहरी थोरांची लक्षणं सांगताना 'व्यसनं श्रुतौ' म्हणतो, म्हणजे विद्येचं व्यसन, आणि ते भूषण म्हणून. आपणही एखाद्याला विद्याव्यसनी म्हणतो तेव्हा ती स्तुती असते. व्यासंग याचा संस्कृतातला अर्थ अति आसक्ती, कशात तरी गुंतून पडणं; मराठीत तो चष्मा लावून अभ्यासिकेत जाऊन बसला. खालून वर गेलेला असा दुसरा शब्द मला चटकन आठवत नाही.

कामाच्या शब्दांचे प्रवासही कमी नाहीत. 'नोकर' मूळचा मंगोल. चंगीझखानाच्या जिवाभावाच्या साथीदारांना 'नोकोर' म्हणत. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत साथीदाराचा चाकर झाला. पुढचा विनोद आपला आहे: नोकरी सगळ्यांना हवी, नोकर मात्र कोणाला म्हणवून घ्यायचं नाही. 'मेहनत' हा अरबीत कसोटीचा, छळाचा शब्द. आपण तो कौतुकाने वापरतो. 'कसब' म्हणजे अरबीत कमाई. मराठीत त्याचे पैसे गळाले आणि हातातली कला तेवढी राहिली. 'व्यवसाय' तर गीतेत निश्चय या अर्थाने येतो. व्यवसायात्मिका बुद्धी म्हणजे ठाम झालेली बुद्धी, दुकान काढायची बुद्धी नव्हे. आणि 'उद्योग' कोणत्या सुरात म्हणता त्यावर सगळं अवलंबून. खात्याला मंत्री असतो तोही उद्योग, आणि घड्याळ खोलून बसलेल्या कार्ट्याला आई विचारते, 'काय उद्योग चाललेत?' तोही उद्योगच.

एक जोडी मला नेहमी सलते. नट व्यावसायिक असला तर मान, धंदेवाईक असला तर नाक मुरडायचं. अर्थ एकच, पण एका शब्दाचं घराणं संस्कृत आणि दुसरा बाजारातला. शब्दांतही सोवळं-ओवळं असतं ते असं.

लॅटिनमध्ये 'ओतिउम' म्हणजे निवांतपणा, आणि कामधंद्याला शब्द काय, तर 'नेगोतिउम'. निवांतपणा नसणं! ग्रीकांचंही तसंच: 'स्खोले' म्हणजे फुरसत, आणि काम म्हणजे 'अस्खोलिया', बिनफुरसत. आजही ग्रीक माणूस उद्योगाला 'अस्खोलिया' म्हणतो. म्हणजे या लोकांनी फुरसत ही मूळ वस्तू धरली आणि काम हा तिचा अभाव. आपल्याकडे उलटा हिशेब. काम नसलेला तो रिकामा, आणि 'रिकामटेकडा' ही शिवी. त्याच स्खोलेपासून पुढे इंग्रजी 'स्कूल' झालं हे मुलांना न सांगितलेलं बरं.

मग येतात हाकेचे शब्द. जर्मनमध्ये पेशाला 'बेरूफ' म्हणतात आणि त्यात 'रूफन', म्हणजे हाक मारणं, दडलेलं आहे. हाक देवाची. आधी ती साधू-संन्याशांनाच यायची. मार्टिन ल्यूथरने बायबलच्या जर्मन अनुवादात हा शब्द साध्या रोजच्या कामाला लावला आणि चांभाराच्या आरीलाही देवाचं बोलावणं आलं. माक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये या एका शब्दावर पानंच्या पानं लिहिली. आज जर्मन माणूस फॉर्मवर 'बेरूफ' वाचतो तेव्हा त्याला हाक-बीक काही ऐकू येत नाही. हंगेरियनमध्ये तर 'हिव', म्हणजे बोलावणं, याच धातूपासून दोन शब्द निघाले: 'हिवताश' म्हणजे अंतरीची हाक, आणि 'हिवतल' म्हणजे सरकारी कचेरी. तिथूनही बोलावणं येतंच म्हणा. पोलिश लोक जास्त स्पष्टवक्ते. त्यांच्या भाषेत 'झावूद' म्हणजे पेशा, आणि 'झावूद' म्हणजेच अपेक्षाभंग.

चिनी भाषेत पक्क्या नोकरीला 'लोखंडी भातवाडगा' म्हणतात. पडला तरी फुटत नाही. आणि आणखी एक झकास प्रयोग आहे, 'श्याहाय', समुद्रात उतरणं. आधी तो नाटकवाल्यांचा होता: हौसेखातर ऑपेरात गाणारा माणूस पैसे घेऊन गाऊ लागला की तो समुद्रात उतरला. मग गेल्या शतकाच्या अखेरीस सरकारी नोकरी सोडून व्यापारात पडणाऱ्यांनाही तेच म्हणू लागले. मला हा शब्द आधी माहीत असता तर नोकरी सोडताना घरी समजावणं सोपं गेलं असतं. 'समुद्रात उतरतोय' म्हटलं असतं. किंवा कदाचित आणखी अवघड.

हौशी माणसाला इंग्रजीत 'अमॅच्युअर' म्हणतात, त्यात लॅटिनमधलं प्रेम आहे: प्रेमापोटी करणारा. अरबीत छंदाला 'हिवाया' आणि हौशी माणसाला 'हावी', तिथेही मुळाशी 'हवा', म्हणजे प्रेमच. तरी 'अमॅच्युअर काम' म्हटलं की कच्चं काम, असंच आपण समजतो.

राहता राहिलं सगळं सुटल्यानंतरचं. फ्रेंच माणूस निवृत्त होतो त्याला 'रत्रेत' म्हणतात. सैन्य माघार घेतं तोच शब्द. जर्मन म्हणतो 'रूअश्टांट', विश्रांतीची अवस्था. स्पॅनिशमध्ये 'खुबिलासियोन', आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं आनंदाने ओरडणं आहे. आपण ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचंच नाव घेतो, निवृत्ती. प्रवृत्ती संपली, संसाराची ओढ संपली, इतका भारदस्त शब्द, आणि तो आपण पेन्शनच्या कागदावर वापरतो.

माझे एक शेजारी असेच निवृत्त. तो अर्ज त्यांनाही भरायचा होता, म्हणून माझ्याकडे घेऊन आले. 'व्यवसाय' पुढे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'निवृत्त', जणू तोही एक धंदाच. 'छंद' पुढे मात्र दीड इंच जागा पुरली नव्हती. अक्षरं रेघ ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत गेली होती, तिथून वळून वर चढली होती, आणि शेवटचे दोन शब्द थेट 'निवृत्त' च्या डोक्यावर जाऊन बसले होते.

नमस्कार.